मार्का

आधी पुठ्ठा घेतला, साबणाच्या खोक्याचा.
तिसऱ्या कार्डाला त्याच्या कडा भिजल्या,
पाचव्याला आंब्याचं पान
पालकाच्या जुडीसारखं दिसायला लागलं.
मग अब्दुल रहमान स्ट्रीटवरून प्लास्टिक आणलं.
ते ब्लेडखालून निसटतं.
अंगठ्यावर अजून खूण आहे.

शेवटी कपाटावरून भाऊंचे एक्स-रे काढले.

प्रिन्सेस डॉकला सत्तावीस वर्षं
भाऊ मार्का मारायचे.
लाकडी पेटीवर जस्ताचा पत्रा दाबून धरायचा,
जाड ब्रश गोल फिरवायचा,
आणि पत्रा उचलायचा एका झटक्यात.
मोम्बासा. बसरा. एडन.
स्वतः गेले ते फार तर कणकवलीपर्यंत.

सोड्याच्या कढत पाण्यात फिल्म बुडवली
की काळं सुटतं, शेवाळासारखं.
आधी बरगड्या पुसट झाल्या,
मग डावीकडचा तो ढग,
ज्याच्यावर नायरच्या डॉक्टरने
पेनाचं टोक ठेवलं होतं
आणि काही बोलला नव्हता.
मोरीतून गेलं सगळं.
फिल्म उरली निळसर, कुणाचीच नसल्यासारखी.
गॅलरीत दोरीवर वाळत घातली
ताडवाडीच्या वाऱ्यात,
तर शेजारचा चिंटू विचारतो,
काकू, हे कोणाचे कपडे?

तिसऱ्या मजल्यावरच्या सुलभा तोडणकरांच्या नातवाचं बारसं.
चाळीस कार्डं. नाव विवान.
दोनदा व.
कापायला सोपं वाटलं.
कापलं, तर दोन्ही व ची पोटं
टपकन लादीवर, मसुराएवढी,
आणि कार्डावर उमटले
दांडीला लटकलेले दोन बटाटे.
सुलभाताई म्हणाल्या,
बाळ बाळसेदार आहे गं, पण इतकं नाही.

मी नऊ वर्षांची असेन.
रविवारी भाऊ घरी पत्रा कापत बसलेले,
मी शेजारी माझ्या नावाचं कापत होते वहीच्या कव्हरावर.
मान वर न करता म्हणाले,
पूल ठेव गो. नायतर पोट पडतला.

तर पूल ठेवले.
वरून एक, खालून एक, दोऱ्याइतके.
दिसतात ते कार्डावर, रंग न लागलेल्या
दोन पांढऱ्या फटी.
ब्रशने भरून टाकाव्यात असं वाटलं होतं.
भरल्या नाहीत.

स्पंज कोरडा लागतो, हे कळायला
पाच रविवार गेले.
रंग घ्यायचा आणि जवळजवळ सगळा
जुन्या पेपरावर पुसून टाकायचा.
उरेल तेवढाच कार्डाचा.
दाबायचं नाही, थोपटायचं,
झोप लागतेय न लागतेय अशा पोराला थोपटतात तसं.
टूथब्रशने शिंतोडेही उडवून पाहिले:
कार्डावर चार चांदण्या,
बाकीचं आकाश ह्यांच्या बनियनवर.
ते म्हणाले, असू दे, घरातच घालतो.

चाळीस झाली. खरं तर त्रेपन्न केली,
तेरा बिघडलेली गादीखाली आहेत.

एक फिल्म मी धुतली नव्हती.
ठेवायची म्हणून ठेवली होती.
कोपऱ्यात पांढऱ्या अक्षरांत श्रीपत मोंडकर, पु., ६१.
काल रात्री दिव्यासमोर धरली, बराच वेळ,
आणि बरगड्यांच्या मधोमध
पेला कापला,
पातळ मानेचा, भाऊंच्या पेट्यांवर असायचा तसा,
आत काच आहे, जपून, असं सांगणारा.

कार्डं चपलांच्या खोक्यात भरली.
झाकणावर फिल्म दाबून धरली,
उरलेल्या काळ्यात ब्रश बुडवला, पुसला, गोल फिरवला.
पेल्याखाली ठिकाण:
तिसरा मजला.

उचलली एका झटक्यात.
कड जराशी फुटली आहे, डावीकडे.