शालिक, हे आयकून पाय

शालिक, ब्लूटूथ चालू कर.
बारा मिनिटांची एक वस्तू देतो.
आठ दिस झाले, राइस मिलच्या राखणीत
म्या दुसरं काई आयकलं नाही.

आपला सुकरू कोवे, बॅन्डातला.
लग्नं सरली की धानाच्या पोत्यावर बसून
क्लॅरनेट वाजवते.
नवरदेवासाठी नाही,
पत्ती वाळू नये म्हणून.

सुरवातीले तुले वाटन, हे काय?
मांगं पट्ट्याची फटफट,
कोंड्यानं आलेला कोनाचा तरी खोकला,
बांधीतली टिटवी.
पुसून नोको टाकू.

पाचव्या मिनिटाले त्याचा दम सुटते.
"थांब जरा," म्हणते,
गडव्यातलं पाणी पिते, घटघट आयकू येते,
अन् मंग धरते सूर,
पन सोडला तिथून नाही,
दोन पावलं मांगून,
नाला कुदाले आपन मांगं सरतो ना,
तसा.

तेवढंच आयक.
ग्रामसभेत तुई जीभ अडते
अन् तू खाली बसून घेतं,
म्हणून म्हणतो.

बाकी पुसलं तरी चालन.
अन् हो, शेवटी जो 'वा' येते, तो माहाच.
हळूच म्हटला होता,
तरी आला.