कोणत्या खात्यात

पहिल्या भेटीत तिनं कॉफी नाकारली
आणि विचारलं, "त्यानंतर मशीन कुणी चालू केलं का?"
म्हटलं, "मीच. चार वेळा. शोधत होते."
तिनं डोळे मिटले क्षणभर,
घासात खडा लागल्यासारखे.

पुंता आरेनासचा वारा असा
की चौकात दोर बांधलेत, माणसांनी धरून चालावं म्हणून.
तिथंच आमचं ऑफिस. खेकड्यांचा धंदा,
तीन होड्या, एक शीतगृह, सात माणसं,
आणि जुलैत, सकाळी नऊच्या अंधारात
उघडून पाहिलं तर रिकामं
पाच वर्षांच्या हिशेबांचं फोल्डर.

मला नाव हवं होतं.
खरं तर नाव होतंच माझ्याकडे: रेमिखियो.
अकरा वर्षं आमचे हिशेब लिहिणारा.
मे महिन्यात त्यानं पगारवाढ मागितली, मी हसले होते.
मला फक्त त्या नावावर शिक्का हवा होता.

आधी दोघांना विचारून झालं होतं.
एकजण फोनवर म्हणाला, "शंभर टक्के, सेन्योरा, तीन दिवसांत."
दुसरा आवाज उतरवून, "त्याचा घरचा ईमेलही उघडून देतो."
ओतिलिया काउकामाननं कसलाच शब्द दिला नाही.
कागद पुढे सरकवला, तासाचा दर लिहिलेला,
आणि म्हणाली, "उत्तर तुम्हाला नको ते निघालं,
तरी बिल भराल?"
मी सही केली. पेन अडत होतं, दोनदा गिरवावी लागली.

मग तिनं डिस्क काढली, एका छोट्या डबीला जोडली.
त्या दारातून वाचता येतं, लिहिता येत नाही.
नक्कल झाली. मूळ पिशवीत गेलं,
पिशवीवर तारीख, वेळ, तिची सही, माझी सही.
नकलेचा एक लांबलचक आकडा निघाला.
"एक स्वल्पविराम हलला," ती म्हणाली, "तरी अख्खा आकडा बदलतो."
माणसांचा निघत नाही असा आकडा,
नाहीतर मी सकाळचा रेमिखियो
संध्याकाळच्या रेमिखियोशी ताडून पाहिला असता.

"पुसलं म्हणजे गेलं असं नाही.
दारावरची पाटी तेवढी काढतात.
माणसं आत असतात, नवा भाडेकरू येईपर्यंत."
मी मोठा श्वास घेतला.
"तुम्ही चारदा चालू केलंत ना," ती म्हणाली,
"काही खोल्यांत आलेत भाडेकरू."

एकोणीस दिवस.
तो रोज यायचा, टोपी खिळ्याला अडकवायचा,
बोटांवर फुंकर घालायचा.
त्याचा खोकलासुद्धा मी पुराव्यात धरला.

अहवाल एक्केचाळीस पानांचा.
रविवार, पहाटे दोन वाजून चौदा मिनिटं.
याच मशीनवरून. माझ्या नावाच्या खात्यातून.
"पण कुणी?"
"खातं सांगते मी. बोटं नाही सांगता येत."
मग तिनं माझा कीबोर्ड उलटा केला.
खाली पिवळी चिठ्ठी, माझ्या अक्षरातला माझा पासवर्ड,
टेप दोनदा बदललेली.
किती जणांना माहीत होतं?
साती जणांना. पासवर्ड नव्हे, गल्लीतला नळ होता तो.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात.
मी तर पैसे मोजून दाखवला होता.

फोल्डरमधलं निम्मंअर्धं परत आलं,
दोन वर्षं मात्र भोकंच भोकं.
ती गेल्यावर चिठ्ठी सोलून काढली.
डिंकाचा चौकोन राहिला,
अजून बोटाला चिकटतो.

रेमिखियोनं काही विचारलं नाही.
बिल त्याच्या टेबलावर ठेवलं, त्यानं चष्मा चढवला,
नवी वही उघडली, आकडा दोनदा वाचला,
आणि नेहमीसारखंच, मान वर न करता,
"कोणत्या खात्यात टाकू हे?"

बाहेर कुणीतरी दोर धरून रस्ता ओलांडत होतं.

"माझ्या," मी म्हटलं.