सत्त्याऐंशी ते एकसष्ट

आमच्यात भूल देतात.
गुजरातीत ती फक्त होते.
रावपुऱ्यातल्या नर्सिंग होममध्ये जुने सर्जन
ओळख करून देत, "या गुप्तेबाई, भूल देतात,"
आणि अख्खं बडोदं हसायचं.
तेवीस वर्षं मीही हसले.

मार्चातला मंगळवार. तिसरी केस, हर्निया.
वजेसिंग परमार, डभोई गाडीचे कंडक्टर.
ट्रेमध्ये पाच मिलीच्या दोन सिरिंजा,
दोन्ही पाण्यासारख्या, दोन्हींवर माझंच अक्षर,
एकीवरची पट्टी स्पिरिटनं पुसट झालेली.
औषध सोडलं. म्हटलं, काका, शंभरापासून उलटं मोजा.
सो, नव्वाणुं, अठ्ठाणुं,
तिकिटं फाडावीत तसे सावकाश.
नव्वदीत जीभ जडावली, पापण्या उतरल्या.
सत्याशी.
पुढे नाही.

सगळं रोजच्यासारखंच.
फक्त नाडी उतरायची ती चढत गेली,
एकशे बारा, एकशे तीस,
आणि उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यातून
एक थेंब कानाकडे निघाला.

झोपेचं पांढरं औषध
अजून ट्रेमध्येच होतं, भरलेलं.

मास्क दाबला, त्यांचा श्वास माझ्या मुठीत घेतला,
पांढरं सोडलं, कानाशी वाकून काही बोलले,
कुठल्या भाषेत ते आठवत नाही.
ऑपरेशन चाळीस मिनिटांत. टाके सुंदर.

हात धुताना सर्जन म्हणाले,
"निभावलं ना? मग लिहीत बसू नका."
मर्सी सिस्टरनं दोन्ही सिरिंजा
न बोलता माझ्यापुढे आणून ठेवल्या.
लिहिलं.
'रुग्णास इजा' पुढे हो आणि नाही.
ते दोन चौकोन बराच वेळ कोरे राहिले.

दुसऱ्या सकाळी ते चहात खारी बुडवत होते.
"काका, काल मारी भूल हती."
म्हणाले आणि जाणवलं,
इथे या शब्दाला लपायला दुसरा अर्थच नाही.
काकांनी खारी संपवली. मिशी पुसली.
म्हणाले, बेन, तुम्ही बस म्हणाला नाहीत,
म्हणून मी आतल्या आत मोजत राहिलो.
एकसठपर्यंत.

आता सिरिंज उचलली की मर्सी मोठ्यानं वाचते,
मग मी वाचते. नवी मुलं एकमेकांकडे बघतात.
बघू देत.

त्या रात्री स्वयंपाकघरात, दिवा मालवून,
डोळे मिटून, हात न हलवता,
कंडक्टरच्या चालीनं मोजून पाहिलं,
शहाऐंशी, पंच्याऐंशी.
बहात्तरला मी श्वास घेतला.