त्रेचाळीस दात

गौस नदाफ वहीच्या मधल्या पानावर
बॉलपेनने दोन रकाने पाडतो.
डावीकडे टर्बो, उजवीकडे 'बाकी सगळं'.
डावीकडे पेन थांबतच नाही:
इंटरकूलर, जाड गॅस्केट, कमी कॉम्प्रेशनचे पिस्टन,
मोठे इंजेक्टर, ट्यूनिंगला चेन्नईहून माणूस,
"आणि मग क्लच तर घालावाच लागतोय की ओ."

गाडी दोन सीटांची, मागच्या चाकांना ताकद देणारी,
बेळगावच्या एका दंतवैद्याने
दहा वर्षं झाकून ठेवलेली.
झाकायची चादर आपल्याच गावची,
किनारीवरून ओळखली मी.
"बाई, ही चालवायची असते, बघायची नाही," म्हणाला
आणि स्वतः फाटकापर्यंत बघत राहिला.

मी रेसला जात नाही.
मी जाते अशोक चौकातून एमआयडीसीला,
टॉवेलचे नमुने सीटमागच्या फटीत कोंबून,
होटगी रोडचे उंचवटे तिरके घेत.
फेब्रुवारीत उसाच्या ट्रॉलीमागे दुसऱ्या गिअरवर,
एप्रिलमध्ये त्याच गिअरवर, नुसत्या उन्हामागे,
काटा लाल पट्टीला टेकलेला.

खोटं कशाला बोलू,
रात्री पंख्याखाली मला टर्बोच ऐकू येतो.
ती बारीक शीळ, मग पाठीत बसणारा धक्का.
एक लाख नव्वद हजार.
रक्कम मोठ्याने म्हटली
तरी शीळ थांबत नाही.

नायना एकतीस वर्षं जॉबर होते
साखर पेठेतल्या कारखान्यात.
गॅरेजात ते स्टुलावर बसतात, चहा बशीत ओततात,
अर्धा तास काहीच बोलत नाहीत.
मग म्हणतात,
"मागाला मोटर मोठी लावली की काय होतं?
धोटा पिसाळतो. ताणा तुटतो.
पोरगं दिवसभर गाठी मारत बसतंय.
वीण पिनियनवर ठरते रे, मोटरवर नाही.
हिच्या मागच्या गोळ्यात दात किती?"
गौस वहीतून मान वर काढतो.
"दहाला एकोणचाळीस, काका."
"त्रेचाळीस मिळतंय का बघ."

मिळालं. पुण्याच्या भंगारात,
कुठल्याशा जुन्या पिकअपच्या पोटात,
गंज नाही, फक्त वाळलेलं ग्रीस.
इरण्णाने फ्लायव्हील लेथवर चढवलं,
दीड किलो लोखंड
कुरळ्या पट्ट्यांनी त्याच्या चपलेवर पडलं.
नवी क्लच प्लेट. तीन थरांचा रेडिएटर,
त्यावर मी अडून बसले होते,
इथल्या उन्हाला कुणाची शीळ ऐकू येत नाही.
अडुसष्ट हजार आठशे.
गौसने डाव्या रकान्यावर रेघ मारली,
एकच, खालचं वाचता येईल अशी.

पहाटे साडेपाच, अक्कलकोट रोड.
नायनांनी सीटबेल्ट
दोन्ही हातांत दोरीसारखा धरलेला.
दुसरा टाकला आणि गाडी
आधी कधी न दिलेलं उत्तर देऊन बसली,
पाय अजून अर्धाच दाबलेला.
बाभळी मागे पळाल्या.
चौथ्यात इंजिन जरा जास्तच ओरडतं,
लांबच्या रस्त्याला आता ही चांगली नाही,
हैदराबाद विसरायचं.
स्पीडोमीटरही खोटं बोलतो,
साठला सहासष्ट दाखवतो.
चालतंय. वय लपवणाऱ्या मावशा
आमच्यात कमी आहेत का?

मी हसत होते, एकटीच, दात दिसेपर्यंत.
नायना डोळे मिटून,
कान मागच्या चाकांकडे.
वाटलं, आता काहीतरी म्हणतील.
म्हणाले,
"तिसऱ्यात पाय काढला की गुणगुणतंय.
शिम बदलायला सांग.
सुताएवढासुद्धा फरक नको."

गौसला फोन केला तेव्हा
तो अजून झोपेत होता.
"काका सीटवर बसलेत की गोळ्यात?" म्हणाला,
आणि शनिवारी सगळं परत उघडायला
आठ वाजता ये म्हणाला.