पावतीचं वळण

पहिल्या दिवशी ते नुसते आले.
तोफा, धूळ, उपाशी घोडी.
दौलतगंजात दारं धडाधड लागली.
"बंडवाले," आम्ही म्हणालो, आतून, कडी धरून.

दुसऱ्या दिवशी दवंडी: दुकानं उघडा,
जकात निम्मी, पावती पुरी.
मला घरून नेलं. मारलं नाही.
"विसाजीपंत, बोरू तुमचाच असू द्या,"
एवढंच म्हणाला त्यांचा फडणीस,
ज्याच्या अंगरख्यावर अजून काल्पीची माती होती.
नवा शिक्का घडायला टाकलेला.
तोवर जुनाच उमटवला, जरा तिरपा,
म्हणजे नाव पुसट यावं.

चौथ्या दिवशी त्यांच्याच एका शिपायानं
रमजानी मणियाराच्या बांगड्या उचलल्या, लाखेच्या, सात डझन.
सराफ्यात भर दुपारी उभा केला त्याला.
त्याच्या पगारातले पैसे
मणियाराच्या तळहातावर मोजले, एकेक करून,
आणि मग फटके.
गर्दीत कुणी चकार शब्द काढला नाही.
संध्याकाळी मात्र कड्या निघाल्या.

पण मला विचाराल तर राज्य त्या दिवशी नाही झालं.
नवव्या दिवशी बटेरी तेलीण फडावर आली,
की शेजारी माझ्या अंगणात मोरीचं पाणी सोडतो.
फडणीस हसला.
मग हसायचा थांबला.
माणूस पाठवला, मोरी वळवली.
त्या रात्री रोजकीर्दीत मी 'सरकार' असं लिहिलं
आणि लिहिल्याचं माझ्या लक्षातही आलं नाही.

पुढे मुरारकडून तोफा ऐकू आल्या.
अठराव्या दिवशी फड रिकामा, दौत उपडी.
पावत्यांच्या नकला तो न्यायला विसरला
की मुद्दाम ठेवल्या, देव जाणे.

आता जुने धनी परतलेत.
घरोघर विचारतात: जकात कुणाला भरली?
रमजानी म्हणतो, कसली जकात, हुजूर?
बटेरीनं आपली पावती चुलीत घातली.
मोरी तेवढी वळवलेलीच ठेवली.

माझ्याकडे जाळायला काही नाही.
साडेतीनशे नकला त्यांच्या दप्तरात,
प्रत्येकीवर माझ्या मोडीची ती लांब शेपटी
जी वडिलांच्या छडीनंही सुटली नाही.
काल बोलावणं आलं. एक कागद पुढे सरकवला.
"अक्षर ओळखता?"

मी कागद उजेडाकडे धरला.
वजन बरोबर. दर बरोबर. बेरीज बरोबर.
चूक म्हणावी असं
काहीच सापडेना.