अर्धा चोक

पौषात मुरारला उजाडत नाही,
काळोखावरची साय नुसती पातळ होते.
त्या सायीत आमची डॉज उभी.
छावणीच्या लिलावातली,
पिवळ्या रंगाचा टवका उडाला
की खाली अजून फौजी हिरवी.
रेडिएटरवर पोतं बांधलेलं,
पाठीत चौतीस गाद्या, कनाती, बांबू,
आणि सात वाजता भिंड रोडला कुणाची तरी हळद.

अप्पा ओट्यावर. माकडटोपी, मफलर,
उजवा अंगठा प्लास्टरात.
भेटेल त्याला ज्यांनी आयुष्यभर सांगितलं
की हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा,
मुठीत आवळू नका, उलटं मारतं,
त्यांनीच परवा आवळला.
म्हणून आज हँडल माझ्याकडे.

"चोक पूर्ण ओढ."
ओढला.
"पंपाचा खटका, दहादा."
मारला.
"ॲक्सिलरेटर दे. अजून दे. हात आखडू नकोस, बापाचं पेट्रोल आहे."
दिला.

अर्ध्या फेऱ्याला हँडल अडतं,
आतलं तेल रात्रभरात राब झालेलं.
लोखंड लोकरीच्या मोज्यातून बोटं चावतं.
चारदा. सातदा. अकरादा.
खोकला नाही, ठसका नाही.
फक्त पेट्रोलचा वास,
धुक्याला चिकटून राहिलेला.

"अजून एकदा," अप्पा ओरडतात.
आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून आई:
"पुरे. पोटभर प्यायलीय ती."

आईनं कधी स्टिअरिंगला हात लावला नाही.
पण अप्पांचे कान तोफांनी नेले
तेव्हापासून ही गाडी
आईच्या कानानं चालते.
पोळी लाटता लाटता ती सांगते
तिसऱ्या नंबरचा प्लग रुसलाय,
आणि तिसराच निघतो.

सहाही काढले. ओले, काळे, पेट्रोलनं निथळणारे.
पुसून पुसून आईकडे दिले.
तिनं ते शेगडीवर पापडासारखे फिरवले,
चिमट्यानं, एकेक, न बोलता.
मी निखाऱ्यापाशी हात धरून बसले.
वाट बघायची, एवढंच काम उरलेलं.

"मिरजेहून आले त्या वर्षी," आई म्हणाली,
"थंडी म्हणजे काय ते इथं कळलं.
रात्री हे बॅटरी उचलून घरात घेऊन आले,
खाटेपाशी ठेवली,
आणि मला म्हणाले, रजई काढ,
हिला गारठा सोसत नाही.
मला वाटलं, माझ्याचबद्दल बोलतायत.
कुणाशी, ते कळेना."

"मग?"

"मग काय. रजई एकच होती.
दोघी झोपलो."

प्लग गरम आहेत तोवर पदरात गुंडाळून
ती पहिल्यांदाच गाडीपाशी आली.
"चोक आत ढकल, सगळा.
ॲक्सिलरेटरवर वीट ठेव, तिला श्वास घेऊ दे."
ओट्यावरून अप्पा उलटं काहीतरी सांगत होते.
आम्ही दोघींनी ऐकलं नाही.

अंगठा बोटांच्या बाजूला.
खालून वर.
एक.
दोन.
दुसऱ्याला आत कुठंतरी कुणी घसा खाकरला,
तिसऱ्याला सगळी गल्ली दणाणली.
धावत जाऊन वीट लाथाडली,
आवाज कोसळला, विझायला आला,
"चोक! अर्धा! अजून थोडा आत...
हं. तिथंच. हलवू नकोस."

धूर धुक्यात शिरला, कुठला कोणता ते कळेना.
मडगार्डवरच्या कपातला चहा
बारीक बारीक थरथरत राहिला.

अप्पा ओट्यावरून उतरले,
डावा तळवा बॉनेटवर ठेवून उभे राहिले,
बराच वेळ,
हाताला ऐकू येईपर्यंत.
"लागली का?" त्यांनी विचारलं.

आईनं मान हलवली.
मग माझ्याकडे वळून म्हणाली,
"गाद्या मोजून घे. परवा दोन कमी आल्या होत्या."