गुण, दहापैकी

वागळे इस्टेटमध्ये, रोड नंबर सोळाच्या टोकाला
माझा गाळा आहे. आत एकोणतीस मशिनी
आणि एकही मळका कपडा नाही.
बायको म्हणते, लोक टाकतात ते तुम्ही मांडता.
असेल.

जुनी मशीन आधी नाकानं पाहावी.
झाकण उघडून डोकं आत घालावं.
निळीचा वास आला तर घर टापटिपीचं,
उंदराचा आला तर मशीन माळ्यावर होती,
कसलाच आला नाही तर कुणीतरी कालच घासून आणलीय
आणि भाव दुप्पट सांगणार आहे.

मग पत्र्यावर टकटक.
निरोगी पत्रा घागरीसारखा बोलतो,
पुट्टी भरलेला गप्प बसतो.
खाडीकाठची मशीन पायांपासून गंजते,
बोअरच्या पाण्यावरची आतून पांढरी पडते.
नवा रंग दिसला की मी तीन गुण कापतो,
म्हातारपण लपवलेलं मला चालत नाही.
(माझं मी मेंदीखाली लपवतो, ती गोष्ट वेगळी.)

वहीत रकाने आहेत: साल, मोटर, टायमर, रबर, स्थिती.
शेवटी गुण, दहापैकी.
दहा अजून कुणालाच दिलेले नाहीत.

परवा खारेगावहून टेम्पो आला.
मागे मशीन, पुढे ड्रायव्हरशेजारी रत्नप्रभा भोईर,
मांडीवर पिशवी, पिशवीत गॅरंटी कार्ड, कोरं.
सत्त्याऐंशी साली नवऱ्याच्या पतपेढीच्या सोडतीत लागलेली.
सासूबाई म्हणाल्या, घरात दोन हात आहेत ना.
दोन म्हणजे हिचे.
तेव्हापासून मशीन चादरीखाली.
हळदीकुंकवाला बायका आल्या की
चादर वर करून दाखवायची, पुन्हा झाकायची.
झाकणाच्या डाव्या कोपऱ्याला
पहिल्या दिवशीचं कुंकू अजून आहे.

थर्माकोल जागच्या जागी,
बटणांवरचा प्लास्टिकचा पापुद्रा न सोललेला.
माझे हात थरथरले, खोटं कशाला बोलू.
पुण्यात एक गृहस्थ आहेत, अशा कोऱ्या मशिनीला
चौपट मोजतात. त्यांचा नंबर
मी तिथंच फोनमध्ये शोधायला लागलो.

बाईंनी विचारलं, "पण चालते का?"
म्हटलं, चालवली तर भाव उतरेल.
"किती?"
मी आकडा सांगितला.
त्या थोडा वेळ पंख्याकडे बघत बसल्या.
"चालवा."

पट्टा हातात घेतला तर खारीसारखा तुटला.
लोखंड वाट बघू शकतं,
वापरलं नाही की रबर आधी मरतं.
दुसरीचा काढून हिला बसवला, नळाला पाइप जोडला.
धुवायचं काय? तर तीच चादर.

टायमर पंधरावर फिरवला. मोटर आधी खाकरली,
मग पाणी एकदम डावीकडे, एकदम उजवीकडे.
चादरीचा मातकट रंग सुटत गेला
आणि खालून जांभळी फुलं निघाली.
रत्नप्रभाबाई स्टुलावर.
हात आधी मांडीवर ठेवले, मग पदरात घेतले,
मग उलटे करून पाहिले.
एकदा उठून टबात घालायला निघाल्या,
मीच म्हटलं, बसा.
"मग मी काय करू?"
मी काय सांगणार. चहा मागवला.

चहा संपला तरी चार मिनिटं उरली होती.

चादर पिळली मात्र त्यांनी हातानंच,
मशिनीच्या पिळण्यावर भरवसा नाही म्हणाल्या.
पैसे दोनदा मोजले,
शंभराची एक फाटकी नोट बदलून घेतली,
आणि गेल्या.

वहीत लिहिलं:
साल सत्त्याऐंशी. मोटर उत्तम. टायमर अचूक.
रबर मेलेलं, बदललं.
स्थिती: वापरलेली. एकदा, पंधरा मिनिटं.

गुण अजून द्यायचेत.